सिंगापूरहून परत येताना व्हाया लंडन

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, हे कबूल करतो. पण उत्तराला आठवडा लागला तो रागामुळे नाही. तुम्ही म्हणता ते सगळं पुन्हा मोजून बघायचं होतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. महिना २४० रुपयांच्या, सिंगापूरमधल्या एका व्हीपीएसबद्दल (मोठ्या सर्व्हरचा भाड्याने मिळणारा आभासी तुकडा) मी लिहिलं होतं की मशीन चांगलं आहे, पण पुण्यातून पिंग (सर्व्हरला हाक मारून उत्तर परत यायला लागणारा वेळ) १७६ मिलिसेकंद येतो, डेटा सेंटरचं आतलं नेटवर्क रखडतंय, घेऊ नका. तुमचं म्हणणं असं: दोष माझ्या घरच्या ब्रॉडबँडचा आहे, डिस्कची चाचणी फालतू आहे, सहाव्या हॉपवरची (वाटेतल्या सहाव्या राउटरवरची) ४० टक्के पॅकेट गळती, म्हणजे डेटाचे तुकडे हरवणं, मी दडवली, आणि याच कंपनीच्या तुमच्या सर्व्हरवर स्पीडटेस्ट ९०० एमबीपीएस दाखवते.

डिस्कच्या बाबतीत मी सपशेल चुकलो. डीडी या कमांडने नुसती शून्यं लिहून सेकंदाला १.१ जीबी मिळाले म्हणून मी खूश झालो, पण ती रॅममधल्या कॅशची करामत होती. डेटा डिस्कवर उतरेपर्यंत थांबायला मी सांगितलंच नव्हतं. आता एफआयओ या चाचणीच्या प्रोग्रॅमने चार केबीचे रँडम रीड लावले, म्हणजे डिस्कवरून कुठूनही छोटे तुकडे वाचायला लावले. दुपारी ९ हजारांच्या आसपास आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचनं), रात्री दहाला जेमतेम ३ हजार. त्याच वेळी टॉप या कमांडमध्ये 'एसटी'चा (स्टील, म्हणजे हिरावलेला सीपीयू) आकडा १५ ते २० टक्क्यांच्या मध्ये नाचत होता. म्हणजे माझ्या वाट्याचा सीपीयू शेजारी वापरत होते. 'मशीन चांगलं' हा माझा निकाल दुपारी तीनच्या चाचणीवर होता, त्यामुळे तो मागे घेतो.

गळतीचं मात्र पटलं नाही. मधले राउटर पॅकेट पुढे ढकलायचं काम आधी करतात, पिंगला उत्तर द्यायचं जमलं तर. सहाव्या हॉपवर ४० टक्के आणि शेवटच्या हॉपवर शून्य, याचा अर्थ पॅकेट कुठेच हरवत नाहीये. गळती त्या हॉपपासून शेवटपर्यंत टिकली तरच ती खरी.

आता १७६ कडे येऊ. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर साधारण ३,९०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे येऊनजाऊन ३९ मिलिसेकंद लागणारच. केबलची वळणं आणि राउटर धरले की ६० च्या आसपास आकडा यायला हवा. माझ्या ट्रेसराउटमध्ये (वाटेतले राउटर एकेक करून दाखवणारी कमांड) मुंबई, चेन्नई, सिंगापूर असं सगळं सरळ होतं, सिंगापूरला ६१ मिलिसेकंदांत पोचलो होतो, आणि कंपनीच्या नेटवर्कमध्ये पाय ठेवताच एकदम १७६. म्हणून मी दोष डेटा सेंटरवर टाकला.

पण ट्रेसराउट वाट दाखवतो ती फक्त जातानाची, आणि वेळ मोजतो जाण्यायेण्याची मिळून. तुमच्या टोमण्यानंतर पहिल्यांदाच सर्व्हरवरून माझ्या घराकडे एमटीआर (ट्रेसराउट आणि पिंग एकत्र करणारी चाचणी) चालवला. पहिले तीन हॉप सिंगापूरमध्ये, एक-दीड मिलिसेकंदात. चौथा हॉप लंडन, १६५! आणि तिथून मुंबई, १७४. माझी विनंती चेन्नईमार्गे नीट जात होती आणि उत्तर युरोप फिरून येत होतं.

याचं कारण बीजीपी, म्हणजे नेटवर्कांमधली वाट ठरवणारा प्रोटोकॉल. तो अंतर बघत नाही, करार आणि खर्च बघतो. स्वस्त व्हीपीएसवाला स्वस्त ट्रान्झिट (बाकी इंटरनेटपर्यंत नेणारी विकतची जोडणी) घेतो, आणि त्या ट्रान्झिटची माझ्या ब्रॉडबँडशी गाठ पडते ती थेट लंडनला. परतीची वाट सर्व्हरकडचं नेटवर्क ठरवतं, त्यामुळे सगळं खापर माझ्या ब्रॉडबँडवर फोडणं बरोबर नाही. पण सिंगापूरमध्ये कोणाशी पीअरिंग (थेट जोडणी) करायचं हे ब्रॉडबँडवालाही ठरवतो, तेव्हा तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्याच सर्व्हरला मोबाइल डेटावरून, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कवरून, आयपीव्ही६ ने (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीने) ७१ मिलिसेकंद येतात, हे मी लेखात लिहायला हवं होतं.

स्पीडटेस्टचे ९०० एमबीपीएस खोटे नाहीत, पण ते तुमच्या सर्व्हरपासून सिंगापूरमधल्याच दुसऱ्या सर्व्हरपर्यंतचे आहेत. या सर्व्हरवरची माझ्या मेहुण्याच्या रोपवाटिकेची साइट उघडणारा माणूस बारामतीत बसलेला असतो. टीसीपीची (जोडणी जुळवायची) एक फेरी, टीएलएस १.३ ची (एन्क्रिप्शन ठरवायची) एक, मग पानाची मागणी: पहिला बाइट यायलाच तीन फेऱ्या. ६१ ने १८३ मिलिसेकंद, १७६ ने ५२८, आणि पुढे फोटो यायचेच आहेत. शिवाय लंडनहून मुंबईला येणाऱ्या बहुतेक केबल तांबड्या समुद्रातून जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट मंदावलं होतं. सिंगापूरचा सर्व्हर घेऊन जेद्दाची काळजी कोण करत बसणार?

कंपनीला दोन्ही दिशांचे एमटीआर जोडून तक्रारीचं तिकीट टाकलं. 'राउटिंगवर आमचं नियंत्रण नाही' असं उत्तर आलं आणि तिकीट बंद झालं.

लेखातला 'आतलं नेटवर्क रखडतंय' हा परिच्छेद खोडून ठेवलाय, पुसलेला नाही. 'घेऊ नका' च्या जागी 'घरच्या फायबर ब्रॉडबँडवरच्या गिऱ्हाइकांसाठी घेऊ नका' केलंय. तुमचं ब्रॉडबँड कोणतं तेवढं कळवा, आणि जमल्यास सर्व्हरवरून तुमच्या घराकडे चालवलेला एमटीआर पाठवा. रात्री नऊनंतरचा.