पोथी अद्ययावत ठेवण्याची शास्त्रोक्त पद्धत

अमेरिकेच्या लष्करात तुम्ही नुकतेच ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचे वैमानिक झाला असाल तर अभिनंदन. उडायला शिकलात, आता पानं बदलायला शिका. तुमच्या पोथीचं, म्हणजे हेलिकॉप्टर चालवण्याच्या अधिकृत पुस्तिकेचं, नाव टीएम १-१५२०-२३७-१०, लाडाने 'डॅश टेन'.

आजीच्या पोथीसारखीच हीही सुट्या पानांची. फरक एवढाच, की आजीच्या पोथीत अध्याय बदलून येत नसत. इथे 'चेंज' नावाचा गठ्ठा येतो आणि सोबत कुठली पानं काढायची, कुठली घालायची याची यादी. रात्रीचं उड्डाण आटोपून या, कॉफी घ्या, फाइलच्या रिंगा उघडा (नखं सांभाळून). दोन पानांच्या मध्ये मजकूर वाढला असेल तर ९-६ (नवव्या प्रकरणाचं सहावं पान) नंतर ९-६.१ येतं. त्याची पाठ कोरी असेल तर ती कोरी आहे असंही छापलेलं असतं, उगाच कुणाच्या मनात शंका नको. जुन्या पानावर तुम्ही पेन्सिलीने केलेल्या टिपा पानाबरोबर जातात. जाऊ द्या.

नवीन काय ते शोधायला समासातली काळी उभी रेघ बघा. ती फक्त ताज्या बदलाची असते. मागचा गठ्ठा तुमच्या सुट्टीत आला असेल, तर तेव्हाची रेघ या खेपेला पुसली गेली असेल. आणि मजकूर वगळल्यामुळे पडलेल्या मोकळ्या जागेला रेघ नसते. हा नियम पोथीतच स्वच्छ लिहिलेला आहे. म्हणजे काय आलं ते रेघ सांगेल, काय गेलं ते तुम्ही आठवायचं. आठवण्याचा सराव तुम्हाला आहेच. नवव्या प्रकरणात, काळ्या तिरप्या पट्ट्यांची किनार असलेल्या पानांवर, आणीबाणीच्या ज्या पायऱ्यांखाली आडवी रेघ आहे त्या तोंडपाठच हव्यात. पायरी बदलली की पान मिनिटभरात बदलतं. हाताला लागलेली सवय मात्र कुठल्याच यादीत नसते, ती काढून टाका असं कुणी कळवत नाही.

चूक सापडली? छान. पोथी सुरुवातीलाच हात जोडून विनवते, की चूक दिसल्यास कळवा, उत्तर थेट तुम्हाला पाठवू. डीए फॉर्म २०२८, म्हणजे पुस्तिकेतल्या दुरुस्त्या सुचवण्याचा लष्करी फॉर्म, घ्या. पान, परिच्छेद, ओळ, सुचवलेला मजकूर, कारण. कारणाच्या रकान्यात 'कारण हे चूक आहे' असं लिहू नका, पोरकट दिसतं. कागद अलाबामातल्या रेडस्टोन आर्सेनल या लष्करी तळाला रवाना करा. सरकारी काम, सहा महिने थांब ही म्हण त्यांच्याकडे नाही. सहा महिन्यांचा वायदा तरी कोण करणार? उत्तर थेट तुम्हालाच येईल. तोवर तुमची बदली झालेली असेल, पण तो टपालखात्याचा प्रश्न.

दरम्यान परीक्षकाने विचारलं तर पोथीतलं उत्तर द्या, हेलिकॉप्टरातलं नाही.

आता टॅब्लेट आल्यात, नखं वाचली. पण उडण्याआधी शेजारच्या सीटवर सहज विचारा, "तुझ्याकडे कितवा चेंज?" आकडा जुळला तर उत्तम. नाही जुळला, तर ज्याचा हुद्दा मोठा त्याचा चेंज नवा.