'हायवे टच' घर आणि निवृत्तीतली झोप

पाथर्डी फाटा, विल्होळी, आडगाव. दादा नाशिकहून ज्या गृहप्रकल्पांची माहितीपत्रकं पाठवतोय, त्यांचे पत्ते साधारण याच पट्ट्यातले, आणि सगळ्यांची पहिली ओळही एकच: मुंबई-आग्रा महामार्गापासून दोन मिनिटांवर. आम्ही दोघं जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहतो. नवरा सातपूरच्या मायकोतून, म्हणजे आताच्या बॉशच्या कारखान्यातून, इकडे आला आणि आम्ही इथेच रमलो. आता त्याची निवृत्ती जवळ आली आहे. परत नाशिकलाच जायचं यावर आमचं एकमत आहे. घर कुठे घ्यायचं यावरून मात्र दादाचं नि माझं फोनवर रोज वाजतं. माझं म्हणणं सरळ आहे: निवृत्त माणसानं महामार्गाच्या कडेला घर घेऊ नये. भाव वाढणार असला तरी नाही, आणि बिल्डरनं दुहेरी काचेच्या खिडक्या फुकट दिल्या तरी नाही.

दादाची बाजू पोकळ नाही. मोठी हॉस्पिटलं हमरस्त्याच्या आसपास आहेत. पुतण्या मुंबईहून गाडी काढून येतो, त्याला गावात शिरायचा त्रास नको. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 पासून पूर्ण खुला झाला, त्याला सिन्नर आणि इगतपुरी जवळ. 2026-27 च्या सिंहस्थामुळे रस्त्यांची कामं निघाली आहेत, जागांचे भाव चढते आहेत. "म्हातारपणी आडबाजूला जाऊन बसायचं आणि रात्री छातीत दुखलं की काय करायचं?" असं तो विचारतो, तेव्हा त्यात भावाची काळजी असते.

पण हा सगळा हिशोब नोकरीतल्या माणसाचा आहे. सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतणाऱ्याला घर रस्त्याजवळ हवं असतं, कारण त्याचा दिवस रस्त्यावर जातो. निवृत्त माणूस चोवीस तास घरात असतो. दुपारी तासभर पडतो. रात्री त्याची झोप सावध असते आणि पहाटे तीनला एकदा मोडली की पुन्हा लागत नाही. घरापासून हॉस्पिटल किती मिनिटांवर, हे त्याला वर्षातून एक-दोनदा लागणार. घरात रात्री किती आवाज येतो, हे मात्र रोज.

दादाचं घर इंदिरानगरच्या बाजूला, उड्डाणपुलासमोरच्या इमारतीत आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिथेच उतरलो होतो. पूल वर चढलेला असल्यामुळे त्याची गॅलरी रस्त्याच्या उंचीवर नाही, थेट पुलावरच्या गाड्यांच्या उंचीवर येते. ट्रक पुलाच्या जोडावरून गेला की आधी पुढच्या चाकांचा धप्प आवाज, मग मागच्या जोडचाकांचा, आणि ट्रक रिकामा असेल तर त्याच्या फाळक्यांचा खडखडाट. द्राक्षांचा हंगाम होता. पिंपळगाव बसवंतकडून मुंबईला जाणारा माल, कांद्याच्या गाड्या, कंटेनर, सगळं रात्रीच चालू असतं. रात्री दीडच्या सुमारास मी गॅलरीत उभी राहून मोबाइलवर आवाज मोजला. मोबाइलचं माप काटेकोर नसतं हे मान्य, पण आकडा 60 डेसिबलच्या खाली येईना आणि ट्रक गेला की 75 ओलांडे. वहिनी म्हणाली, "आम्हाला आता ऐकूही येत नाही, सवय झालीय." आणि टीव्हीचा आवाज तिनं आणखी वाढवला.

नवऱ्याला अलीकडे हिअरिंग एड लागलं आहे. संध्याकाळी चहा घेऊन दोघं गॅलरीत बसले. दादा बोलत होता आणि हा नुसती मान हलवत होता. मला लगेच कळलं की त्याला काही समजत नाहीये. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज जातात. स, श, त, क अशी व्यंजनं निसटतात. शांत खोलीत माणूस उरलेल्या आवाजांवरून शब्द जुळवून घेतो. मागे सतत घरघर असली की ते जमत नाही, कारण यंत्र बोलणं मोठं करतं तशी घरघरही मोठी करतं. शेवटी त्यानं ते कानातून काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. ज्या भावाशी गप्पा मारायला हजारो मैल ओलांडून आलो, त्याच्याशी गप्पा होईनात. घर निवडताना मला ही गोष्ट चौरस फुटांपेक्षा मोठी वाटते.

सवयीचं म्हणाल तर ती कानाला लागते, शरीराला पुरती लागत नाही. झोप न मोडताही ट्रकच्या आवाजानं हृदयाचे ठोके वाढतात, आणि वर्षानुवर्षं त्याच जागी राहिलेल्या माणसांतही हा परिणाम फारसा ओसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये युरोपसाठी मार्गदर्शक मर्यादा जाहीर केल्या. रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज रात्री 45 डेसिबलच्या आत असावा, असं त्यात आहे. रात्रीच्या आकड्यामागचं मुख्य कारण झोपमोड, आणि वाहतुकीच्या आवाजाचा हृदयविकाराशी असलेला संबंधही त्याच मार्गदर्शकांत मांडला आहे. ज्या वयात बीपीची गोळी सुरू असते, त्या वयात हे टाळता येत असेल तर का टाळू नये?

टाळता येतं, कारण आवाज हा बराचसा अंतराचा मामला आहे. महामार्गासारख्या सलग रस्त्यापासून अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 3 डेसिबलनं उतरतो. पन्नास मीटरवरून पाचशे मीटरवर गेलं की 10 डेसिबल कमी, म्हणजे आवाजाची ऊर्जा दहाव्या भागावर येते आणि कानाला तो निम्मा वाटतो. मध्ये इमारतींची सलग रांग असेल तर आणखी उतरतो. उलट झाडांच्या एका ओळीनं फारसं काही होत नाही, माहितीपत्रकात ती कितीही हिरवीगार दाखवली तरी. वरचा मजला घेतला की सुटका होते हाही गैरसमज. वर गेलं की आडोसा संपतो, पुढच्या इमारतीवरून रस्ता दिसू लागतो, आणि रस्ता दिसला की ऐकूही येतो. बिल्डर त्याच मजल्यांना जास्त दर लावतो. थंडीच्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री तर जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबवर पोचतो. नाशिकची थंडी कशी असते हे नाशिककरांना सांगायला नको.

काचेबद्दल बोलायलाच हवं, कारण प्रत्येक बिल्डर तिथेच येऊन थांबतो. आमच्या इथल्या घराला तिहेरी काचा आहेत. वर्षातले सहा महिने खिडकी थोडा वेळ उघडायची आणि बंद करायची, त्यामुळे काच इथे खरंच काम करते. पण नाशिकला माणूस का येतो? समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवरची ती हवा, संध्याकाळी गंगेकडून, म्हणजे आमच्या गोदावरीकडून, येणारी झुळूक, एप्रिल-मे सोडला तर पंख्यावर निघणारी रात्र यासाठी. काच लावून शांतता विकत घ्यायची, मग कोंडतं म्हणून एसी लावायचा, आणि पेन्शनमधून विजेचं बिल भरायचं. खिडकी उघडली की दुहेरी काचेचा उपयोग शून्य. उघड्या खिडकीतून बाहेरचा आवाज जेमतेम 10 ते 15 डेसिबल कमी होऊन आत येतो. नाशिकमध्ये खिडकी बंद ठेवून राहायचं असेल तर नाशिकला यायचंच कशाला?

"तू तिकडच्या शांततेला सोकावली आहेस," हा दादाचा आवडता आरोप. त्याला मी मनापासून उत्तर देते. जर्मनीत आवाज नाही असं मुळीच नाही. आमच्या गावापासून ऑटोबान दूर नाही, आणि वारा तिकडून आला की ती ऐकू येते. सुरुवातीची वर्षं आम्ही हमरस्त्याच्या कडेला काढली, कारण तिथली भाडीच परवडत होती. आजही अशा घरांत बहुतेक करून नवे आलेले आणि कमी कमाईचे लोक राहतात. आणि इथली शांतता निवृत्तीत अंगावर येते. रविवारी ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, इथवर ठीक. पण शेजारच्या आजी आठवडा आठवडा कुणाशी बोललेल्या नसतात, हेही मी पाहिलं आहे. मला ती शांतता नाशिकला न्यायची नाही. भाजीवाल्याची हाक, शाळा सुटल्याचा गलका, पलीकडच्या घरातली आरती हे सगळं हवं आहे, त्यासाठीच परत यायचं आहे. माणसांचे आवाज थांबतात, त्यांना वेळ असते. महामार्गाला ती नसते.

इथून न्यावी अशी एक गोष्ट मात्र आहे: आवाजाचा नकाशा. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशामुळे वर्षाला 30 लाखांहून जास्त वाहनं जातात अशा प्रत्येक रस्त्याचा आवाजाचा नकाशा दर पाच वर्षांनी करावा लागतो आणि तो लोकांसाठी खुला असतो. भाड्याचं घर बघायला जाण्याआधी मी नकाशावर गल्ली शोधते. रंग दिसतो: दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा. घरमालकाला विचारावं लागत नाही. शिवाय साडेसात टनांवरच्या ट्रकना रविवारी आणि सुटीच्या दिवशी रात्री दहापर्यंत रस्त्यावर बंदी असते. हे दुसरं आपल्याकडे जमणार नाही, शेतमाल कुणासाठी थांबत नाही आणि थांबूही नये. पहिलं जमण्यासारखं आहे.

नियमांची तर आपल्याकडे कमतरताच नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतात. म्हणजे रात्रीचा आपला कायदेशीर आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्याइतकाच आहे. जर्मनीत नवा रस्ता बांधताना निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 49 आहे, कागदावर आपण त्याहून कडक. 2010 च्या दुरुस्तीनं निवासी भागात रात्री दहा ते सहा हॉर्न वाजवायलाही बंदी केली. पण मायदेशी चर्चा होते ती भोंग्यांची आणि डीजेची. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं भोंगे हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं म्हटलं आणि घरोघर वाद पेटले. नितीन गडकरींनी हॉर्नमध्ये बासरी, तबल्यासारखे सूर आणण्याची कल्पना मांडली, त्यावरही भरपूर बोललं गेलं. मला डीजेचा त्रास कमी वाटतो असं नाही, तो बंद व्हायलाच हवा. पण गणपतीत आणि दिवाळीत आवाज मोजायला यंत्रं बाहेर निघतात, तशी उड्डाणपुलाशेजारच्या गॅलरीत मार्च महिन्यातल्या साध्या मंगळवारी रात्री दोन वाजता का निघत नाहीत? तिथे झोपणाऱ्यांची संख्या काही कमी नाही.

राज्याच्या गृहनिर्माण नियामक संस्थेनं, महारेरानं, 2024 मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना मार्गदर्शक तत्त्वं दिली: लिफ्ट, रॅम्प, जिने, रुंद कॉरिडॉर, उजेड आणि हवा. फार चांगलं पाऊल. त्याच्या जोडीला एक रकाना सक्तीचा करावा असं मला कळकळीनं वाटतं: महामार्ग आणि रेल्वेपासूनचं अंतर, आणि रात्री मोजलेला आवाज. प्रकल्पाला 'ज्येष्ठांसाठी' म्हणायचं असेल तर एवढं छापायला काय हरकत आहे?

तोपर्यंत आपलं आपणच बघायचं. सॅम्पल फ्लॅट रविवारी सकाळी अकराला एसी लावून दाखवतात. तो तसा बघू नये. रात्री जेवणानंतर जावं, पुन्हा पहाटे जावं, खिडकी उघडून उभं राहावं. गंगापूर रोड आता पूर्वीचा राहिलेला नाही, पण त्याच्या आतल्या गल्ल्या अजून बऱ्या आहेत. मखमलाबाद, म्हसरूळ शांत वाटतात, पण तिथे प्लॉट बघताना नगररचना विभागातून झोन दाखला काढून शेजारून डीपी रोड (विकास आराखड्यातला नियोजित रस्ता) जातोय का हे बघायलाच हवं. बाह्य रिंगरोडची आखणी पुढे सरकते आहे, आणि आज जिथे द्राक्षबाग आहे तिथे उद्या ट्रक असू शकतात. देवळाली कॅम्पची हवा मला फार आवडते, पण रात्रीच्या मालगाड्या आणि तोफखान्याचा सराव लक्षात घेऊन. ओझरकडे विमानं. आतमध्ये एक-दीड किलोमीटर गेल्यानं अ‍ॅम्ब्युलन्सला काही मिनिटंच जास्त लागतात, हे मी दादाला नकाशावर दाखवलं. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "ते खरंय."

आमचं ठरलं आहे असं: आल्याबरोबर विकत काही घ्यायचं नाही. मखमलाबादच्या बाजूला अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहायचं. त्यात पाऊस येईल, ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज वाढतो तो कळेल, थंडी येईल, लग्नसराई येईल. नवऱ्याला गॅलरीत बसून यंत्र न काढता बोलता येतं का ते कळेल. दादा म्हणतो, तेवढ्यात भाव वाढतील. वाढले तर एक खोली कमी घेऊ.