सोबत सह्या जोडल्या आहेत

कॉलनीत अमक्याचं मराठी बरं आहे अशी बातमी एकदा फुटली, की त्याचे हाल कुत्रा खात नाही. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलनीत तो मान माझ्याकडे आहे. कोपऱ्यावरचा बंद बंगला एक संस्था भाड्यानं घेऊन तिथे बालगृह काढणार असं कळलं आणि रविवारी सकाळी अख्खी कमिटी आमच्या व्हरांड्यात हजर झाली. सोबत भडंगाचा पुडा. पुडा मोठा होता, तेव्हाच काम मोठं असणार हे मी ओळखलं.

"सर, तीव्र विरोधाचं एक निवेदन टाका. आयुक्तांना. कलेक्टरना प्रत."

"पण विरोध कशासाठी?"

"निवासी भाग आहे की हो आपला!"

"मुलं तिथं राहायलाच येणार आहेत ना?"

"राहतील हो," हळदवाले काका म्हणाले, "पण ते काय निवासी राहणं नव्हे."

यावर काय बोलणार? मी वही उघडली. रहदारी वाढेल, असं पार्लरवाल्या वहिनींनी सांगितलं. लगीनसराईत त्यांच्या गिऱ्हाइकांच्या स्कूटरी आमच्या फाटकाला अशा टेकलेल्या असतात की मला दूध आणायला मागच्या दारानं जावं लागतं. मुलांचा गोंगाट होईल, हा मुद्दा क्लासवाल्या सरांचा. त्यांची पहिली बॅच पहाटे साडेपाचला भरते आणि न्यूटनचे तिन्ही नियम आम्हाला अंथरुणातच पाठ झालेत. आरोग्याचं कलम हळदवाल्या काकांनी घातलं. त्यांच्या गॅरेजात गाडीच्या जागी हळदीची पोती असतात. ती हलवली की गल्ली शिंकते. अध्यक्षांचा मुद्दा मात्र रोकडा होता: जागेचे भाव पडतील. तो बंगला ओस पडला होता, कंपाउंडात धामण फिरायची, तेव्हा भाव कसे कोण जाणे चढेच होते.

"कायद्याची दोन-चार कलमं टाका," जाताना सचिव म्हणाले, "वजन येतं."

म्हणून मी रात्री कलमं शोधायला बसलो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ प्रमाणे नोंदणीशिवाय बालगृह चालवताच येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस लागते. कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीनं तीन महिन्यांतून एकदा तरी यायचं, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच. शिवाय केंद्राची २०१६ ची नियमावली: झोपायच्या खोलीत मुलामागे ४० चौरस फूट, सात मुलांमागे एक संडास, दहांमागे एक न्हाणीघर. आजारी मुलांची खोली वेगळी. वाचनालय, खेळायला जागा आणि समुपदेशन कक्षही.

विरोधाला मुद्दा सापडेना, म्हणून मी टेप काढून आमचंच घर मोजायला घेतलं. झोपायच्या जागेत आम्ही काठावर पास झालो, तेही कपाट बाहेर काढलं असं धरून. दिवाळीत भाऊ, मेहुणे आणि भाचरं जमली की संडासाची रांग जिन्यापर्यंत जाते. आजारी माणूस हॉलमध्ये टीव्हीसमोर. वाचनालय म्हणजे फ्रिजवरची दिवाळी अंकांची चळत. समुपदेशन तेवढं नियमित चालतं, ओट्याशेजारच्या स्टुलावर. तिथे समुपदेशक आमची ही आणि लाभार्थी कायम मी. तपासणीचं म्हणाल तर सासूबाई येतात, पण वैद्यकीय अधिकारी सोबत नसतो. थोडक्यात, आमची दोन मुलं आमच्याच घरात वाढवायला कुठल्याही समितीनं आम्हाला नोंदणी दिली नसती.

पुढच्या बैठकीत मी हे वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. मग मी २०१९ चा ऑगस्ट काढला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, गावभागातली घरं पाण्यात बसली आणि आमचा भाग उंचावर म्हणून जो तो पावणा इकडं आला. अध्यक्षांच्या बंगल्यात तर जिन्यावरसुद्धा माणसं झोपली होती. कुकर उतरत नव्हता. तेव्हा वापरबदलाची परवानगी कुणी मागितली नाही, की भाव पडतील असं कुणी म्हणालं नाही.

"ती आपली माणसं होती सर," अध्यक्ष म्हणाले.

थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला. मग वहिनींनी सगळ्यांना चहा विचारला आणि सचिवांनी विषय सह्यांवर आणला.

विरोध तीव्र होता, पण पहिली सही कुणालाच करायची नव्हती. काकांची पेठेत त्या संस्थेच्या एका विश्वस्तांशी उठबस होती. क्लासवाल्या सरांना कुणाचा वाईटपणा नको होता. अध्यक्ष म्हणाले की अध्यक्षानं शेवटी करायची असते. अखेर सचिवांनी शक्कल काढली: सह्या गोलाकार करायच्या, म्हणजे पुढारी कोण ते कळणार नाही. कागदाच्या मधोमध चहाची बशी पालथी घालून त्यांनी वर्तुळ आखलं आणि भोवतीनं सगळ्यांनी सह्या केल्या, प्रत्येकानं पुढे घर नंबरासकट. मी मसुदा लिहून दिला होता. सही मात्र केली नाही. लेखनिकाला तेवढी सूट असते.

निवेदन आवकला पडलं. असले कागद एरवी वर्षभर तिथेच मुरतात. हा कसा कोण जाणे हलला आणि एके सकाळी नगररचना विभागातले एक तरुण कनिष्ठ अभियंता टेप, पॅड आणि कॉलनीच्या मंजूर नकाशांची गुंडाळी घेऊन आले. आधी बंगला मोजला. संडास किती, जिना किती रुंद, आग लागली तर बाहेर कुठून पडायचं, सगळं लिहून घेतलं. मग झाडाखाली उभे राहून त्यांनी आमचं निवेदन उघडलं. कागद एकदा उभा धरला, एकदा आडवा, मग पुरा फिरवला.

"यात मुख्य अर्जदार कोण?"

सगळी कमिटी आंब्याच्या झाडाकडे बघू लागली.

"निवासी जागेत बिगरनिवासी वापर, अशी तक्रार आहे ना?"

"हो साहेब," अध्यक्ष म्हणाले, "तीव्र."

"मग असं करू," नकाशांची गुंडाळी सोडत साहेब म्हणाले, "पहिल्या घरापासूनच सुरुवात करू."

पार्लरचा बोर्ड उतरायला स्टूल लागतं. ते आमच्याकडेच मागायला आले.