वहिनीला कॅन्सर नाही

आमच्या वहिनीला कॅन्सर आहे, पिशवी काढली नाही तर ती वाचत नाही, असा निरोप गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. हे खोटं आहे. तिला फायब्रॉइड आहे, गर्भाशयाच्या स्नायूची गाठ. अशा हजार गाठींत एखादीही क्वचितच कॅन्सरची निघते.

खरा त्रास पाळीत अंगावरून खूप रक्त जाण्याचा. कापूस वेचता वेचता ती पऱ्हाटीतच चक्कर येऊन बसली. हिमोग्लोबिन ७ निघालं, म्हणजे अंगात रक्त फारच कमी. वर्षभर आम्ही त्याला थकवाच म्हणत होतो, याचं फार वाईट वाटतं.

आता लोहाच्या गोळ्या आणि पाळीत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध सुरू आहे. वय ४७. पाळी गेल्यावर गाठी बहुधा आक्रसतात, म्हणून डॉक्टरांनी सध्या ऑपरेशन नको म्हटलं. कुणाला ते लागतंही, पण तपासून. वहिनीला भेटायला या, रडत येऊ नका.