फ्युजेरियम निघाले म्हणून बाग मोडू नये

रावेर, यावल, चोपडा भागातील केळी उत्पादकांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. ज्या बुरशीकडे वनस्पतीच्या पेशीभित्तिका विरघळवणाऱ्या विकरांची जनुके जास्त, ती अधिक घातक. फ्युजेरियम या मातीतल्या बुरशीकडे ही जनुककुले मोठी असतात. म्हणून माती तपासणीत फ्युजेरियम निघाले की बाग मोडावी, असे त्याचे म्हणणे आहे.

यातला मधला दावा खरा आहे, आणि त्याच्याच आडून बाकीचे दोन खपतात.

पहिला दावा टिकत नाही. जवावरील भुरीच्या बुरशीचा जनुकसंच २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तिच्याकडे अशा विकरांची जनुके फारच थोडी उरल्याचे दिसले, तरी ती पिकाला सोडत नाही. जिवंत पेशीतून अन्न शोषणाऱ्या बुरशीला पेशी फोडून चालणारच नाही. उलट काडीकचऱ्यावर जगणाऱ्या अनेक निरुपद्रवी बुरशींकडे ही जनुके भरपूर असतात.

खरा घोळ तिसऱ्या दाव्यात आहे. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी बहुतेक शेतांत असतेच आणि तिचे बरेच प्रकार पिकाला काहीही करत नाहीत. ‘एफओ ४७’ हा प्रकार तर मर रोगाविरुद्ध वापरला जातो. टोमॅटोला मर आणणाऱ्या प्रकारातील एक गुणसूत्र निरुपद्रवी प्रकारात गेले, तेव्हा तोही टोमॅटोला रोग करू लागला, हे २०१० मध्येच दाखवले गेले. त्या गुणसूत्रावर ‘सिक्स’ जनुके असतात, आणि त्यांची छोटी प्रथिने बुरशी झाडाच्या जलवाहिन्यांत सोडते. केळीवर पनामा मर रोग आणणाऱ्या ‘टीआर ४’ या फ्युजेरियमच्या प्रकारातून ‘सिक्स १’ हे एकच जनुक काढल्यावर, विकरांची सारी फौज शाबूत असूनही, कॅव्हेंडिश केळीवरचा तिचा जोर घटला. शिवाय असे जनुक बुरशीला नडूही शकते: टोमॅटोच्या काही वाणांतील प्रतिकारक जनुक ‘सिक्स ४’चे प्रथिन ओळखते आणि रोग तिथेच अडतो.

आपल्याकडची ग्रँड नैन ही कॅव्हेंडिश गटातली. पनामा मर रोगाच्या बुरशीच्या रेस १ या प्रकाराला ती दाद देत नाही, टीआर ४ ला मात्र बळी पडते, आणि टीआर ४ ची नोंद बिहारमध्ये झालेली असल्याने बाहेरचे कंद आणताना धास्ती बाळगणे रास्तच आहे. पण अहवालात नुसते ‘फ्युजेरियम’ लिहिले असेल, तर त्यावरून रेस कळत नाही. खालची पाने कडेकडून पिवळी पडून बुंध्याभोवती लोंबत असतील आणि खोड उभे चिरल्यावर आत तांबूस-तपकिरी रेषा दिसत असतील, तर त्या झाडाचा नमुना देऊन टीआर ४ साठीची पीसीआर चाचणी मागावी, आणि निकाल येईपर्यंत तिथली माती, पाणी व मुनवे दुसऱ्या शेतात जाऊ देऊ नयेत.