तीन टिकवाला मेसेज पुन्हा आलाय

सोसायटीच्या ग्रुपवर काल रात्री तो परत अवतरला. ‘उद्यापासून नवे नियम. सगळे कॉल रेकॉर्ड होणार, व्हॉट्सॲपवर नजर राहणार. तीन निळ्या टिक म्हणजे सरकारनं नोंद घेतली, दोन निळ्या एक लाल म्हणजे कारवाई होऊ शकते, तीन लाल म्हणजे कोर्टाचं समन्स.’ केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं (पीआयबी) २०२० मध्येच हा मेसेज खोटा ठरवला होता. त्यातला ‘उद्या’ अजून उजाडलेला नाही.

आधी टिकचं. एक म्हणजे मेसेज सर्व्हरला मिळाला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला, निळ्या म्हणजे त्यानं वाचला. ही पोचपावती समोरच्याचा फोन देतो, मंत्रालय नाही. तिसरी टिक ॲपमध्ये नाहीच, लालही नाही. आणि गुपचूप पाळत ठेवणारा लाल खूण करून तुम्हाला सावध कशाला करेल?

‘सगळे मेसेज वाचले जातात.’ एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक मेसेज तुमच्या फोनवरच कुलूपबंद होऊन निघतो, किल्ली असते ती घेणाऱ्याच्या फोनवर. मधल्या सर्व्हरच्या हाती नुसती अक्षरांची खिचडी. पटत नसेल तर कॉन्टॅक्टच्या माहितीत ‘एन्क्रिप्शन’वर (म्हणजे याच कुलपावर) टॅप करा. साठ आकडे दिसतील, पाच-पाचच्या बारा गटांत. मी आईशेजारी बसून दोन्ही फोनवरचे ताडून पाहिले. तिसऱ्या गटालाच ती म्हणाली, ‘हे पाठ करायचंय का?’ पाठ नको, जुळले की झालं. मध्ये कुणी आपली किल्ली घुसवली असती तर आकडे वेगळे आले असते.

‘सगळे कॉल रेकॉर्ड.’ साध्या कॉलचं टॅपिंग कायद्यात आहे, पण ठरावीक नंबरांसाठी, साधारणपणे गृहसचिवांच्या आदेशानं. व्हॉट्सॲप कॉलना मेसेजसारखंच कुलूप.

म्हणजे भीती अगदीच निराधार का? तसंही नाही. कुणी कुणाशी केव्हा बोललं, ही माहिती कुलपाबाहेर राहते. मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्या, असं २०२१ च्या आयटी नियमांत आलं आणि त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली हायकोर्टात गेलं. आणि बॅकअप! गूगल ड्राइव्हवर साठवलेल्या चॅटच्या प्रतीला कुलूप लावायची सोय २०२१ मध्ये आली, पण ती आपण चालू करावी लागते.

मेसेज टाकणाऱ्या काकांचाच फोन आज सकाळी पाहिला. बॅकअप बिनकुलपाचा. शिवाय मुलाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब चालूच. गिऱ्हाइकानं काउंटरवरून मान वाकवली तरी सगळं वाचता यावं.