स्टुडिओचं सुतक कसं पाळावं

सकाळी चहाचा कप हातात घेऊन मोबाइल उघडावा आणि बातमी दिसावी, की तुमचा लाडका स्टुडिओ विकला गेला. घेतला कुणी? ज्याच्या घरात आधीच ठेवायला जागा नाही, त्यानेच. अशा वेळी गडबडून जाऊ नका. माणूस गेला तर गल्लीतले चार अनुभवी लोक न बोलावता येतात. एक जण बांबू आणायला पळतो, एक जण पाहुण्यांना फोन लावत सुटतो, आणि एक जण नुसताच कंबरेवर हात ठेवून सगळ्यांना सूचना देतो. स्टुडिओ गेला की तो तिसरा माणूस लागतो. ती सेवा मी देतो. मी सोलापूरचा आहे. मिलचे भोंगे, टॉकीजचे पडदे, सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी, एवढ्यांच्या मौतीला जाऊन आलोय. माझा सल्ला फुकट असला तरी अनुभवाचा आहे.

सुरुवातीला मयताशी आपलं नातं काय, हा विचार मनात आणू नका. विचार केलात की रडू थांबतं. तुमच्याकडे त्या स्टुडिओचा एकही शेअर नव्हता. त्यांचे निम्मे सिनेमे तुम्ही चौकातल्या गाड्यावरच्या सीडीवर पाहिलेत. कुणीतरी टॉकीजात चोरून शूट केलेली ती सीडी, त्यात ऐन प्रसंगात एक माणूस उठून मुतारीला जायचा आणि त्याचं डोकं पडद्यावरून डावीकडून उजवीकडे सरकायचं. तो माणूस अजून तुमच्या आठवणीत त्या सिनेमाचा भाग आहे. तरीही पोस्ट लिहिताना 'आपला स्टुडिओ' असंच लिहायचं. 'आमच्या बालपणाचा सौदा झाला' हे वाक्य तर यायलाच हवं. बालपण तुमचं असेल. त्यातल्या खेळण्यांचे, माशांचे आणि राक्षसांचे हक्क दुसऱ्याच्या कपाटात होते, हे सुतकात काढू नये.

आता नमुन्याची मयत म्हणून पिक्सार हा अमेरिकेतला कार्टूनचे सिनेमे काढणारा स्टुडिओ घेऊ, कारण अभ्यासाला सोपी आहे.

1986 साली स्टीव्ह जॉब्सने ही कंपनी 'स्टार वॉर्स'वाल्या जॉर्ज लुकासच्या लुकासफिल्मकडून 50 लाख डॉलरला घेतली आणि आणखी 50 लाख तिच्यात घातले. (जुळे सोलापुरात बंगला बघणाऱ्यांनी कृपया डॉलर हा शब्द पुन्हा वाचावा.) तेव्हा ती सिनेमे विकत नव्हती, महागडे संगणक विकत होती आणि तेही फारसे खपत नव्हते. पुढे 1995 ला 'टॉय स्टोरी' हा खेळण्यांचा सिनेमा आला आणि दिवस पालटले. जॉब्सच्या खरेदीनंतर वीस वर्षांनी, 24 जानेवारी 2006 रोजी, डिस्नेने हीच कंपनी 740 कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात घेतल्याचं जाहीर झालं. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, त्यामुळे इथे कुणी रडल्याची नोंद नाही.

डिस्नेला ही गरज का पडली, ते सौद्याच्या वेळचे डिस्नेचे प्रमुख रॉबर्ट आयगर यांनी स्वतःच सांगितलंय. 2005 च्या सप्टेंबरात हाँगकाँगचं डिस्नेलँड उघडलं तेव्हा ते मिरवणूक बघत उभे होते. एकेक पात्र नाचत पुढून जाताना त्यांच्या लक्षात आलं की मागच्या दहा वर्षांत जन्मलेलं जे जे नाव घेण्यासारखं आहे, ते बहुतेक पिक्सारचं आहे. वरात आपली, घोडा आपला, बँड आपला, आणि नवरीच्या अंगावरचे दागिने शेजारणीचे. असं झालं की आपल्याकडे लोक दागिने परत करतात. मोठ्या घरात शेजारीण विकत घेतात.

पण सुतकात रडणारे एक बारीक गोष्ट विसरतात आणि तुम्हीही विसरावी अशी माझी शिफारस आहे. ती पात्रं विक्रीच्या आधीपासून गहाण पडलेली होती. सुरुवातीच्या करारातच पुढचे भाग काढायचा हक्क डिस्नेकडे होता. दोघांचं बिनसलं तेव्हा डिस्नेने 'सर्कल 7' नावाचं वेगळं दुकान उघडून, पिक्सारला बाजूला ठेवून, खेळण्यांचा तिसरा भाग बनवायला घेतला होता. पोरीच्या आईबापाला न विचारता दुसऱ्याच मांडवात तिच्या हळदीची तयारी! सौदा झाला आणि ते दुकान बंद पडलं. म्हणजे विक्रीमुळे पोर निदान आईबापाच्या हाताने उजवली गेली. ही माहिती मौतीच्या घरी सांगू नका, लोक तुमच्याकडे विचित्र बघतात.

आता मुख्य विधी. खरेदीनंतर तीन दिवसांच्या आत घेणारा मोठा माणूस एक निवेदन काढतो. त्यात लिहिलेलं असतं की काहीही बदलणार नाही. हे वाक्य ऐकल्यावर धाय मोकलून रडण्याचा अधिकार तुम्हाला प्राप्त होतो. पिक्सारच्या बाबतीत तर ते तोंडी नव्हतं. काय काय बदलायचं नाही याची पाच वर्षांची लेखी यादी तयार झाली. महिन्याची बिअर पार्टी चालू राहील, कागदी विमानांची स्पर्धा चालू राहील, प्रत्येकाला आपली बसायची जागा हवी तशी सजवता येईल, गेटवर पाटी पिक्सारचीच राहील. मला ही यादी फार आवडते. सोयरीक जमवताना आपल्याकडे 'मुलीला माहेरी पाठवाल ना, दर पंचमीला पाठवाल ना' असं चारचौघांत वदवून घेतात, तसलीच. आणि खरं सांगायचं तर सासर त्यातल्या बऱ्याच गोष्टींना जागलं.

ही यादी मी आमच्या पूर्व भागातल्या अण्णांना वाचून दाखवली. अण्णा आधी एका मिलमध्ये होते, ती बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले. तेलुगू घरातले, बोलतात अस्सल सोलापुरी.

"पाटी तीच ठेवणार म्हणाले?"

"हो अण्णा, लेखी दिलंय."

"मग गेलं की बे ते."

मी म्हटलं, असं कसं, पाटी राहिली म्हणजे चांगलंच झालं की. अण्णांनी विडी विझवली आणि आत जाऊन एक चादर आणली. माझ्या पुण्याच्या मामेबहिणीने हायवेवरच्या कुठल्याशा दुकानातून 'अस्सल सोलापुरी' म्हणून घेतलेली आणि एका धुण्यात रंग गेल्यावर जाब विचारायला माझ्याकडे पाठवलेली. मीच ती अण्णांना दाखवायला दिली होती. चादरीवर लेबल होतं, मोरही होता, सोलापूर हे नाव मराठीत आणि इंग्रजीत होतं. अण्णांनी काठ उलटा करून बोटाने ताणून दाखवला. "पानिपतचा माल हाय." मराठ्यांचं पानिपत 1761 ला एका दिवसात आटोपलं, चादरीचं अजून चालूच आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ते लेबल छापणाऱ्यांनीही मन लावून वाचलेलं दिसतं.

या ठिकाणी तुम्हाला हिशेबातला एक शब्द शिकून घ्यावा लागेल: गुडविल. समजा एखाद्या दुकानातली कपाटं, माल, गल्ल्यातली रोकड, सगळं मिळून 10 रुपयांचं आहे आणि तुम्ही ते 100 रुपयांना घेतलं. वरचे 90 रुपये कुठे दाखवायचे? बऱ्यापैकी रक्कम या गुडविलच्या रकान्यात जाते. पिक्सारच्या किमतीतलाही मोठा भाग याच रकान्यात गेला. दुकानाचं नाव, गिऱ्हाइकाची माया, 'यांच्याकडचंच घ्यायचं' हा हट्ट, असल्या वजन न होणाऱ्या वस्तूंचं ते माप. म्हणजे तुम्ही रात्री अकरा वाजता डोळे पुसत लिहिलेली ती पोस्ट ताळेबंदात आहे. मालमत्तेच्या बाजूला. तेव्हा मनसोक्त रडा. तुम्ही रडायचे थांबलात तर समोरच्याला ती रक्कम निर्लेखित करावी लागते आणि उगाच एका भल्या माणसाचा तोटा होतो.

सुतकातली खरी पंचाईत पुढे आहे. मयत उठून चालायला लागली तर? पिक्सार विकलं गेलं आणि लगेच 2007, 2008, 2009 अशी सलग तीन वर्षं त्यांनी तीन नवेकोरे सिनेमे काढले. एकात उंदीर स्वयंपाक करतो, एकात कचरा उचलणारं यंत्र प्रेमात पडतं, एकात म्हातारा फुग्यांना घर बांधून उडतो. तिन्ही उत्तम. सुतक धरून बसलेल्यांची इतकी अडचण क्वचितच झाली असेल. दाढी वाढवून ओट्यावर बसावं आणि मयताने येऊन चहा विचारावा! अशा वेळी शांतपणे म्हणायचं, "हे आधीच सुरू केलेलं काम होतं हो." बऱ्याच अंशी खरंही असतं ते. सिनेमा शिजायला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे नव्या मालकाची चव जुन्या भांड्यात उशिरा उतरते.

मग ती उतरली. विक्रीपूर्वीच्या सहा सिनेमांत पुढचा भाग म्हणावा असा एकच होता. नंतर खेळण्यांचा तिसरा, गाड्यांचा दुसरा, राक्षसांच्या कॉलेजचे दिवस, माशाची मैत्रीण, गाड्यांचा तिसरा, खेळण्यांचा चौथा. आमच्याकडे हुरड्याच्या पार्टीला एकदा बोलावलेला पाहुणा दरवर्षी न बोलावता येतो, तसं. कोरोनाच्या काळात तीन नवे सिनेमे अमेरिकेत टॉकीजचं तोंड न बघता थेट अॅपवर गेले. मे 2024 मध्ये पिक्सारने आपली सुमारे 14 टक्के माणसं कमी केली आणि पुढच्याच महिन्यात 'इनसाइड आउट' या डोक्यातल्या भावनांच्या सिनेमाचा दुसरा भाग आला, त्याने जगभरात 160 कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. कागदी विमानांच्या स्पर्धेत त्या वर्षी कोण जिंकलं ते मात्र छापून आलं नाही.

तुमची मयत पिक्सारइतकी भाग्यवान असेलच असं नाही. डिस्नेने 2019 ला 7,130 कोटी डॉलरला फॉक्स या सिनेमा-टीव्हीवाल्या कंपनीचा मोठा भाग घेतला, त्या पोत्यात तळाशी 'ब्लू स्काय' नावाचा कार्टूनचा स्टुडिओ होता. 2021 ला तो बंद. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओच्या नव्या मालकांनी 2022 मध्ये जवळपास तयार असलेला 'बॅटगर्ल' कधीच दाखवायचा नाही असं ठरवलं. कराच्या हिशेबात तेच परवडत होतं म्हणे. पिंड ठेवला, भात वाढला, आणि कावळा यायच्या आत पान गुंडाळलं. इथे कोणता विधी करावा हे मलाही ठरवता आलेलं नाही.

आणि हे सगळं अमेरिकेत घडतं, आपल्याला काय, असं म्हणू नका. आमच्या आईला विचारा. तिची संध्याकाळची मालिका ज्या अॅपवर लागायची ते आधी नुसतं हॉटस्टार होतं, 2020 ला त्याच्या नावाआधी डिस्ने लागलं, फेब्रुवारी 2025 ला जिओ लागलं. आईने फोन माझ्यापुढे धरला. "अरे, ते निळं होतं ते कुठं गेलं?" मी तिला हजारो कोटींचं विलीनीकरण समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सूनबाईला विष देणार होते ते आज दिसतंय का उद्या?"

आपल्याकडचे स्टुडिओ मात्र माध्यमसम्राट घेत नाहीत, बिल्डर घेतात. हा फरक सुतकाच्या दृष्टीने महत्त्वाचा. सम्राटाला नाव हवं असतं, बिल्डरला जमीन. राज कपूर यांचा चेंबूरचा आर. के. स्टुडिओ 2017 च्या आगीत होरपळला आणि 2019 ला गोदरेजच्या बांधकाम कंपनीने घेतला. गोरेगावचं फिल्मिस्तान 2025 मध्ये 183 कोटी रुपयांना एका बिल्डरकडे गेलं. कोल्हापूरकरांनी आपला जयप्रभा स्टुडिओ वाचवण्यासाठी 2022 ला रस्त्यावर उतरून आंदोलन केलं. कोल्हापूर हे असलं गाव आहे की तिथे मयताला खांदा द्यायच्या आधी मयत ठेवून घ्यायचा प्रयत्न करतात. प्रभात फिल्म कंपनीच्या पुण्यातल्या जागेत 1960 ला सिनेमा शिकवणारी संस्था आली, ती खरी नशीबवान मयत. आमच्या सोलापुरात टॉकीजच गेली. जिथे मध्यंतरात भजी मिळायची तिथे पुढे लग्नं लागली, गाड्या लागल्या किंवा नुसताच पत्रा लागला. पार्क चौकात अजूनही रिक्षावाल्याला बंद पडलेल्या टॉकीजचं नाव सांगितलं तर तो बरोबर नेऊन सोडतो. हे गुडविल कुणाच्या वहीत आहे कोण जाणे.

शेवटचा विधी तेराव्याचा. हा दिवस सहसा नव्या भागाची झलक आली की ठरतो. झलक बघायची नाही असं ठरवा, मग रात्री एकदाच बघा, मग आवाज बंद करून दुसऱ्यांदा बघा. 'नावाला काळिमा फासला' असं खाली लिहा. पोराला मात्र त्यातलं काही सांगू नका, त्याला पहिला भाग कुणी काढला होता हेही माहीत नाही आणि पाटी कुणाची आहे याच्याशी देणंघेणं नाही. रविवारची चार तिकिटं काढा. ओळ मागची घ्या, पुढे मान दुखते. पॉपकॉर्नचा भाव विचारून झाला की घरून शेंगदाणे न्यायचा विचार डोक्यात येईल. पिशवी गेटवर तपासतात, तेव्हा पुडी वहिनींच्या पर्समध्ये, रुमालाखाली ठेवायला सांगा. आणि मध्येच मुतारीला उठायची वेळ आलीच तर वाकून जा.